तुटतं कुठे? दातातल्या पोस्टच्या पृष्ठभागाचा इतिहास

मागच्या लेखात सिनॉप्सिस कसा लिहावा हे सांगितलं होतं. एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे सांगायची राहिली. माझा स्वतःचा पहिला सिनॉप्सिस परत आला होता.

विषय होता फायबर पोस्टच्या पृष्ठभागावर वेगवेगळ्या प्रक्रिया करून तो सिमेंटला अधिक घट्ट चिकटतो का, हे बघण्याचा. मी पाच गट आखले होते: काहीच न केलेला पोस्ट, सायलेन लावलेला, हायड्रोफ्लोरिक ॲसिड लावलेला, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवलेला आणि सँडब्लास्ट केलेला. स्लाइड्स छान होत्या, तक्ते छान होते. वीस मिनिटं बोलले. गाईड सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "अगं, हे सगळं ठीक आहे. पण हा पोस्ट निघतो तेव्हा तुटतं कुठे?"

मी म्हटलं, "सर, पोस्ट आणि सिमेंटच्या मध्ये."

"कशावरून?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. 'पोस्ट निघणं हे अपयशाचं सर्वांत नेहमीचं कारण' असं दहा पेपरांत वाचलं होतं. पोस्ट निघतो म्हणजे पोस्टच्या पृष्ठभागापाशीच सुटत असणार, हे मी मनानेच जोडलं होतं. सर म्हणाले, "पाच वर्षांतले पेपर वाचून आलीस. आता मागे जा. प्रत्येक प्रक्रिया कोणी, कशासाठी आणली ते शोध." त्या शोधात दोन महिने गेले. आजचा लेख त्या दोन महिन्यांचा हिशोब आहे. तुमचा विषय दातांचा नसला तरी वाचा, कारण 'तुटतं कुठे' हा प्रश्न बहुतेक सगळ्या शाखांत विचारता येतो.

आधी दोन सांधे समजून घेऊ

रूट कॅनाल केलेल्या दाताचा वरचा भाग फारसा उरलेला नसेल तर कॅप बसवायला आधार लागतो. अशा वेळी मुळातल्या मोकळ्या केलेल्या नळीत एक काडी बसवतात. ती काडी म्हणजे पोस्ट. पोस्टचं वरचं टोक बाहेर राहतं, त्याभोवती कोअर बांधतात आणि कोअरवर कॅप बसते. पोस्ट नळीत धरून ठेवायला सिमेंट वापरतात.

म्हणजे इथे सांधे दोन आहेत. एक पोस्ट आणि सिमेंट यांच्यातला, दुसरा सिमेंट आणि मुळाच्या भिंतीचं डेंटिन यांच्यातला. साखळीत दोन कड्या असल्या तर ओढल्यावर कच्ची कडी तुटते. पक्की कडी आणखी पक्की केली म्हणून साखळीची ताकद वाढत नाही. वाचताना ही गोष्ट इतकी सोपी वाटते की कोणी विसरेल असं वाटत नाही. मी विसरले होते.

लाकूड, लाख आणि दुभंगलेली मुळं

१७२८ साली पॅरिसमध्ये पिएर फोशार यांचा दंतवैद्यकावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुळात सोन्याचे किंवा चांदीचे खुंट बसवून त्यावर कृत्रिम दात उभे करण्याची पद्धत त्यात आहे. खुंट धरून ठेवायला ते गरम केल्यावर मऊ होणारं, लाखेसारख्या पदार्थांचं लुकण वापरत. आपल्याकडे सोनार पोकळ दागिन्यात लाख भरतात ते आठवा. लाख रासायनिक बंध वगैरे काही करत नाही. ती फटीत शिरते, थंड होते आणि अडकून बसते.

पुढे लाकडी खुंटांचा काळ आला. लाकूड स्वस्त, तासायला सोपं, आणि त्याचा एक गुण दंतवैद्यांना फार आवडला: तोंडातल्या ओलाव्याने ते फुगतं. फुगलं की नळीत घट्ट बसतं, वेगळं चिकटवायची फारशी गरज राहत नाही. पण फुगणं काही वेळेवर थांबत नसे. लाकूड फुगत राहायचं आणि मूळ उभं चिरायचं.

'तुटतं कुठे' या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे मिळतं: मुळात. खुंट जागचा हलला नाही, पण दात गेला. पकड वाढवण्याची किंमत दुसऱ्या जागी मोजावी लागते, हा धडा दंतवैद्यकाला तेव्हाच मिळाला होता. नंतर तो अनेकदा पुन्हा शिकावा लागला.

धातूचा काळ: खाचा, आटे आणि वाळूचा मारा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झिंक फॉस्फेट सिमेंट आलं. १९०७ मध्ये विल्यम टॅगर्ट यांनी मेणाचा साचा वितळवून ओतकाम करण्याची पद्धत दंतवैद्यकात रुजवली आणि नळीच्या आकाराचे ओतीव धातूचे पोस्ट बनवणं सोपं झालं. विसाव्या शतकाचा बराच काळ ही जोडी राज्य करत होती.

झिंक फॉस्फेट हे चिकटणारं सिमेंट नाही. ते दोन खडबडीत पृष्ठभागांच्या खाचाखोचांत शिरून कडक होतं आणि पाचरीसारखं अडकतं. त्यामुळे त्या काळात पृष्ठभागावरची प्रक्रिया म्हणजे पृष्ठभाग खडबडीत करणं, एवढाच अर्थ होता. गवंडी गुळगुळीत काँक्रीटला छिन्नीने टोचे मारल्याशिवाय गिलावा चढवत नाही. तोच विचार इथे होता. पोस्टवर खाचा पाडल्या गेल्या, स्क्रूसारखे आटे काढले गेले, ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग खरबरीत केला गेला.

१९७८ मध्ये स्टँडली, कपुटो आणि हॅन्सन यांनी पोस्टची लांबी, जाडी, आकार आणि सिमेंट यांचा पकडीवर काय परिणाम होतो ते पद्धतशीर मोजलं. आट्यांचे पोस्ट सर्वांत घट्ट, समांतर बाजूंचे खाचांचे पोस्ट त्यांच्या खालोखाल आणि गुळगुळीत निमुळते सर्वांत सैल, असा क्रम निघाला. आकडे बघितले तर आटेवाला पोस्ट जिंकला. पण मुळाच्या भिंतीत घुसणारे आटे तिथे ताणही निर्माण करतात. लाकडाची गोष्ट वेगळ्या वेषात परत आली होती.

त्यात कडकपणाची भर पडली. डेंटिनचा लवचिकता गुणांक साधारण १८ गिगापास्कल, स्टेनलेस स्टीलचा सुमारे २००. दात चावताना किंचित वाकतो, स्टील वाकत नाही. भार मुळातल्या एखाद्या जागी साचतो आणि तिथे मूळ फुटतं. पोस्ट निघाला तर तो पुन्हा बसवता येतो. मूळ उभं फुटलं तर बहुतेक वेळा दात काढावाच लागतो.

रंगाऱ्याकडून घेतलेलं ॲसिड

सिमेंट नुसतं अडकण्याऐवजी खरंच चिकटू शकेल, ही आशा वेगळ्याच दिशेने आली. १९५५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे काम करणाऱ्या मायकेल बुओनोकोरे यांनी एक छोटा पेपर लिहिला. दाताच्या एनॅमलवर ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड ३० सेकंद लावलं तर ॲक्रिलिक त्यावर कितीतरी जास्त काळ टिकतं, असं त्यांनी दाखवलं.

ही कल्पना त्यांना उद्योगातून मिळाली होती. धातूवर रंग किंवा रेझिनचा थर नीट धरावा म्हणून फॉस्फोरिक ॲसिडने पृष्ठभाग तयार करतात, हे त्यांना माहीत होतं. आपल्याकडे खिडकीच्या ग्रिलला रंग देणारा माणूस आधी पॉलिश पेपर मारतो, गंज काढतो, प्राइमर लावतो आणि मगच ब्रश हातात घेतो. बुओनोकोरे यांनी हाच क्रम दाताला लावला. आज प्रत्येक दंतवैद्याच्या टेबलावर एचंटची सिरिंज असते, तिचं मूळ या उसनवारीत आहे.

डेंटिनचं कोडं सुटायला आणखी वेळ लागला. ते ओलं असतं, त्यात कोलॅजन असतं. १९८२ मध्ये जपानमध्ये नोबुओ नाकाबायाशी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रेझिन डेंटिनच्या वरच्या थरात मुरतं आणि दोघांचा मिळून एक संकरित थर तयार होतो. धातूच्या बाजूनेही काम चाललं होतं. धातूवरच्या ऑक्साइडला धरणारे एमडीपीसारखे रेणू असलेली रेझिन सिमेंट १९८०च्या दशकात आली. १९८९ मध्ये रोकाटेक पद्धत आली. तिच्यात सिलिकाचा लेप असलेले ॲल्युमिनाचे कण जोराने आपटून पृष्ठभागावर सिलिकाचा थर बसवतात.

पण धातूवर सिलिका कशाला बसवायची? त्याचं उत्तर सायलेनमध्ये आहे.

ओल्या हवेत कमजोर पडणारं फायबरग्लास

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास काचेचे धागे आणि रेझिन यांचं फायबरग्लास वापरात आलं. ते हलकं आणि मजबूत होतं, पण ओलाव्यात त्याची ताकद झपाट्याने कमी व्हायची. काच पाण्याला जवळ करते, रेझिन करत नाही. पाणी दोघांच्या मध्ये शिरायचं आणि सांधा सोडवायचं. म्हणजे 'तुटतं कुठे' याचं उत्तर तिथे स्वच्छ होतं: काच आणि रेझिन यांच्यामध्ये.

१९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात राल्फ विट यांनी या सांध्यासाठी सायलेन वापरून पाहिलं. पुढे डाऊ कॉर्निंगमध्ये एडविन प्लुडेमन यांनी या रसायनांचा आयुष्यभर अभ्यास केला. सायलेनचा रेणू दुभाष्यासारखा वागतो. त्याचं एक टोक काचेच्या सिलिकाशी बंध करतं, दुसरं टोक रेझिनशी.

दंतवैद्यकात सायलेन आणलं राफेल बोवेन यांनी. १९६२ च्या त्यांच्या पेटंटमध्ये सायलेन लावलेली सिलिकाची पूड आणि नवं रेझिन यांचं मिश्रण आहे. आज दात भरायला जे कॉम्पोझिट वापरतात त्याची ही सुरुवात.

इथे एक गोष्ट मनात ठेवा, पुढे कामाला येईल. सायलेनला धरायला काच किंवा सिलिका लागते. ती समोर नसेल तर दुभाष्या एकटाच उभा राहतो, बोलायला समोर कोणी नसतं.

१९९०: पोस्टच बदलला

१९९० मध्ये फ्रान्समध्ये द्युरे आणि रेनो यांनी कॉम्पोझिपोस्ट मांडला. इपॉक्सी रेझिनमध्ये एका दिशेने ताणून बसवलेले कार्बनचे धागे, असा हा पोस्ट. मागची कल्पना सरळ होती: मूळ फुटतं कारण पोस्ट फार कडक आहे, तेव्हा दाताबरोबर थोडा वाकणारा पोस्ट करू. कार्बनचे पोस्ट काळे, त्यामुळे पुढच्या दातांत त्यांची सावली दिसायची. दशक संपता संपता काचेच्या आणि क्वार्ट्झच्या धाग्यांचे पांढरे, काहीसे पारदर्शक पोस्ट आले.

कल्पना बऱ्याच अंशी यशस्वी ठरली. २००० मध्ये मार्को फेरारी आणि सहकाऱ्यांनी एक ते सहा वर्षं वापरात असलेल्या १,३०४ फायबर पोस्टचा आढावा घेतला. अपयश ३.२ टक्के. त्यातले २५ पोस्ट तात्पुरती कॅप काढताना निघून आले आणि १६ दातांच्या मुळाशी एक्स-रेमध्ये विकार दिसला.

आधीच्या कहाणीशी हे जुळवून बघा. मूळ फुटण्याची भीती मागे पडली आणि पोस्ट निघणं पुढे आलं. अपयश नाहीसं झालं नव्हतं, त्याने जागा बदलली होती. आणि हा बदल चांगला होता, कारण निघालेला पोस्ट परत बसवता येतो.

माझी चूक नेमकी इथे झाली. 'निघाला' हा शब्द वाचला आणि मी तडक पोस्टच्या पृष्ठभागावर जाऊन बसले. त्या एका शब्दात दोन सांधे दडलेले आहेत हे लक्षात आलं नाही.

इपॉक्सीची अडचण

फायबर पोस्टचा पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बाहेर मुख्यतः इपॉक्सी दिसतं आणि धागे त्याखाली झाकलेले असतात. कारखान्यात पूर्ण कडक झालेलं हे इपॉक्सी रासायनिकदृष्ट्या बरंच निवांत असतं. सिमेंटमधल्या मेथाक्रिलेटशी बंध करायला त्याच्याकडे फारसं काही उरलेलं नसतं. सायलेनला हवी असलेली काच इपॉक्सीच्या आड. मग सायलेन लावून उपयोग होतो की नाही?

२००५ मध्ये चेचिलिया गोराच्ची आणि सहकाऱ्यांनी पोस्ट आणि कोअरचं कॉम्पोझिट यांच्यातला बंध मोजला. सायलेनमुळे तो वाढला. २००६ मध्ये जॉर्ज पेर्दिगाओ आणि सहकाऱ्यांनी दाताच्या नळीत बसवलेले पोस्ट ढकलून काढले. सायलेनमुळे लक्षणीय फरक पडला नाही. दोन्ही पेपर एकाच मान्यवर नियतकालिकातले.

मी हे दोन पेपर सिनॉप्सिसमध्ये शेजारी ठेवून 'निष्कर्षांत एकवाक्यता नाही' असं लिहून मोकळी झाले होते. तुमच्यापैकी अनेकांनी हे वाक्य लिहिलं असेल. ते वाक्य लिहिण्याआधी थांबा आणि दोन्ही ठिकाणी काय तुटण्याची सोय होती ते बघा. पहिल्या प्रयोगात दात नव्हताच, पोस्टभोवतीचा एकच सांधा परीक्षेला बसला होता. दुसऱ्यात दात आल्यामुळे दोन सांधे बसले होते. डेंटिनकडचा सांधा आधी सुटत असेल तर पोस्टकडच्या सायलेनने काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही. दोन पेपरांचे प्रश्नच वेगळे होते, तेव्हा त्यांच्या उत्तरांत भांडण आहे असं म्हणता येत नाही.

सर्किट बोर्डाचं औषध

तरीही इपॉक्सीची अडचण खरीच होती. सँडब्लास्टिंगने इपॉक्सी निघतं, पण मारा जास्त झाला तर धागेही तुटतात आणि पोस्ट झिजून नळीत सैल बसतो. हायड्रोफ्लोरिक ॲसिड सिरॅमिकसाठी नावाजलेलं, पण ते काचच खातं. म्हणजे ज्या धाग्यांवर पोस्टची ताकद उभी आहे त्यांच्यावरच हल्ला.

हवं होतं ते उलट: धाग्यांना धक्का न लावता फक्त इपॉक्सीचा वरचा थर काढणारं काहीतरी. २००६ च्या सुमारास इटलीतल्या सिएना विद्यापीठात फ्रान्चेस्का मोंतिचेल्ली आणि सहकाऱ्यांनी ते दोन भलत्याच ठिकाणांहून आणलं.

पहिलं ठिकाण इलेक्ट्रॉनिक्स. मोबाइल, टीव्ही उघडल्यावर दिसणारं हिरवं सर्किट बोर्ड हे साधारणपणे काचेचे धागे आणि इपॉक्सी यांचंच असतं. म्हणजे ते आणि फायबर पोस्ट सख्खी भावंडंच. बोर्डाला भोक पाडताना ड्रिलच्या उष्णतेने इपॉक्सी भिंतीवर लिंपलं जातं. ते पोटॅशियम परमँगनेटने काढतात, म्हणजे पृष्ठभाग खरबरीत होऊन तांबं नीट धरतं. गावाकडे विहिरीत टाकतात ते हेच जांभळं औषध. दुसरं ठिकाण सूक्ष्मदर्शकाची प्रयोगशाळा. पेशींचे काप घेण्यासाठी ऊतक इपॉक्सीत बसवतात, पण मग प्रतिपिंडांना आतल्या प्रथिनांपर्यंत पोचता येत नाही. म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइडने वरचं इपॉक्सी थोडं विरघळवतात आणि आतलं उघडं करतात.

पोस्टवरही तेच घडलं. इपॉक्सीचा पातळ थर गेला, धागे शाबूत राहून उघडे पडले आणि सायलेनला धरायला काच मिळाली. सिएनाच्या गटाने १० टक्के पेरॉक्साइड २० मिनिटं वापरलं होतं. आता रुग्ण खुर्चीत तोंड उघडून बसलेला असताना वीस मिनिटं कोण थांबणार? २०११ मध्ये ब्राझीलमधल्या मेनेझेस आणि सहकाऱ्यांनी तीव्रता आणि वेळ बदलून पाहिली. २४ टक्के द्रावण एक मिनिट लावलं तरी बंध वाढतो, असं त्यांना आढळलं. प्रयोगशाळेतली गोष्ट दवाखान्यात आणण्यासाठी अशाही अभ्यासांची गरज असते. त्यांना कमी लेखू नका.

आणि तरीही, तुटतं कुठे?

पोस्टचा सांधा सुधारला. मग दुसऱ्या सांध्याचं काय?

नळी ही चिकटवायला फार वाईट जागा आहे. रेझिन सिमेंट कडक होताना आकसतं. दाताच्या वर कॉम्पोझिट भरताना एखादी बाजू मोकळी असते, तिथून ताण थोडा सुटतो. नळीत सगळीकडे भिंतीच. चिकटलेला पृष्ठभाग आणि मोकळा पृष्ठभाग यांच्या गुणोत्तराला सी-फॅक्टर म्हणतात. १९८७ मध्ये फाइल्झर आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. २००५ मध्ये फ्रँकलिन टे आणि सहकाऱ्यांनी मुळातल्या नळीसाठी गणित केलं तेव्हा हे गुणोत्तर २०० च्याही पुढे जाऊ शकतं असं दिसलं. वरच्या भरणीत ते साधारण एक ते पाच असतं. शिवाय नळीत ओलावा, अंधार आणि रूट कॅनालच्या औषधांचे अवशेष असतातच.

त्याच वर्षी गोराच्ची आणि सहकाऱ्यांचा आणखी एक पेपर आला. त्याने मला खरंच हादरवलं. नळीत डेंटिनला ॲडहेसिव्ह लावून आणि न लावता पोस्ट बसवले आणि ढकलून काढले. फारसा फरक पडला नाही. त्यांचा निष्कर्ष असा की पोस्ट जागेवर राहण्यात घर्षणाचा वाटा मोठा आहे. आपण 'बंधाची ताकद' म्हणून जो आकडा छापतो त्यात चिकटणं किती आणि घासणं किती, हे आकड्यावरून कळत नाही. अडीचशे वर्षांचं रसायनशास्त्र करून आपण काही प्रमाणात पुन्हा फोशारच्या लाखेपाशी आलो होतो!

दवाखान्यात तर तिसराच घटक वरचढ ठरतो. १९९० मध्ये सोरेन्सन आणि एंगेलमन यांनी दाखवलं की कॅपच्या कडेच्या आत दाताची जेमतेम एक मिलिमीटर उभी भिंत उरलेली असली तरी दाताची फुटण्याला तोंड देण्याची क्षमता बरीच वाढते. म्हणजे पोस्टला काय लावलं याच्या आधी दात किती उरलाय हे बघायला हवं.

मी काय बदललं

हे सगळं वाचून मी छोटं पायलट केलं आणि तिथेही चूक केली. नळी शेवटी सोडियम हायपोक्लोराइटने धुतली आणि लगेच सिमेंट भरलं. हायपोक्लोराइटमधून उरलेला ऑक्सिजन रेझिनला नीट कडक होऊ देत नाही, हे पाठ होतं. हात मात्र सवयीने चालले. पोस्ट ढकलले तर सगळे गट सारखेच आले. जुनी मी असते तर 'पृष्ठभागावरच्या प्रक्रियेचा परिणाम आढळला नाही' असं लिहून टाकलं असतं, आणि ते छापूनही आलं असतं कदाचित.

या वेळी काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. सिमेंट पोस्टला छान चिकटून बाहेर आलेलं, नळीची भिंत स्वच्छ उघडी. पोस्टचा सांधा परीक्षेला बसलाच नव्हता. मी डेंटिनचा सांधा बिघडवला होता आणि निष्कर्ष पोस्टवर काढणार होते. ते पायलट सरांना जसंच्या तसं दाखवलं. ते म्हणाले, "आता तुझा सिनॉप्सिस लिहून होईल."

नव्या सिनॉप्सिसमध्ये तीन बदल आहेत. तुमच्या विषयात त्यांचं रूप वेगळं असेल, म्हणून कारणांसकट लिहिते.

पहिला, दोन सांधे वेगळे मोजायचे. आधी दाताशिवाय पोस्ट आणि सिमेंट, मग दातासकट. दोन्ही आकडे असले तरच प्रक्रियेचा फायदा कुठपर्यंत पोचतो ते कळेल.

दुसरा, तुटण्याची जागा हे दुय्यम निरीक्षण न ठेवता मुख्य निष्पत्तीत आणायची. प्रत्येक काप बघायचा: पोस्टकडे सुटला, डेंटिनकडे सुटला, सिमेंटच्या आत तुटला, की मिश्र. पूर्वी माझ्या आराखड्यात हा तक्ता शेवटच्या पानावर होता, जागा उरली तर द्यायचा म्हणून.

तिसरा, प्रत्येक प्रक्रियेपुढे ती मूळ कुठे, कोणत्या अडचणीसाठी वापरली गेली याची एक ओळ. फॉस्फोरिक ॲसिड रंगकामातून आलं, सायलेन ओल्या फायबरग्लासमधून, परमँगनेट सर्किट बोर्डातून, पेरॉक्साइड सूक्ष्मदर्शकाच्या कापांतून. ही ओळ लिहिताना आपोआप विचारावं लागतं की माझ्यापुढची अडचण तीच आहे का. हायड्रोफ्लोरिक ॲसिडचा गट मी या एका ओळीमुळे काढून टाकला. ते सिरॅमिकमधली काच कोरण्यासाठी होतं, माझी अडचण इपॉक्सी ही होती.

गट पाचाचे चार झाले, काम मात्र दुप्पट झालं. सिनॉप्सिस या वेळी मंजूर झाला. दुसऱ्या पायलटमध्ये हायपोक्लोराइटनंतर नळी भरपूर पाण्याने धुतली, आणि आता काही काप पोस्टकडेही सुटताना दिसताहेत. पोस्टचा सांधा निदान परीक्षेला बसलाय.

पुढच्या लेखात मुळाचे एक मिलिमीटर जाडीचे काप कसे घ्यायचे आणि त्यात मी किती दात वाया घालवले, ते सांगते.